गुरूच्या ध्रुवावरची रोषणाई
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाहेर मंडपावर रोषणाई आहे, तेव्हा आज रोषणाईवरच बोलतो. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लालसर झालं. सौरवादळामुळे ध्रुवीय प्रकाश इतक्या दक्षिणेला दिसला. तिथली वेधशाळा आपल्या कोरमंगलातल्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची, आणि तिथली दोन मीटरची दुर्बीण चालवतात इथून जवळच्या होसकोटेहून. म्हणजे मान बंगळूरचाच, आपण सगळे त्या वेळी गाढ झोपलो होतो ही गोष्ट वेगळी!

आपल्याकडे सूर्य खवळला की असे दिवे लागतात. गुरूवर मात्र ते विझतच नाहीत, कारण त्यांचं तेल घरचंच आहे. त्याच्या आयो या चंद्रावर जिवंत ज्वालामुखी आहेत. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने ते दाखवले. आयोवरून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात जातं. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र हे विद्युतभारित द्रव्य फरफटत नेतं आणि त्यातून उठलेले विद्युतप्रवाह ध्रुवांवर उतरतात.

हायड्रोजनच्या तीन अणूंचा एक विद्युतभारित रेणू तिथे अवरक्त प्रकाशात चमकतो. १९८९ मध्ये तो गुरूवर सापडला. त्याच्या चमकेवरून वरच्या हवेचं तापमान काढता येतं, आणि तिथेच घोडं अडलं. नुसत्या सूर्याच्या उबेवर ते उणे ७० अंश सेल्सियसच्या आसपास हवं. भरलं ४०० च्या वर! २०२१ मध्ये केक दुर्बिणीच्या वेधांवरून केलेले नकाशे प्रसिद्ध झाले. त्यांत ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे तापमान हळूहळू उतरताना दिसलं. म्हणजे शेगडी ध्रुवावर, आणि ऊब वारे सगळीकडे नेतात.

नेपच्यूनने बरीच वर्षं दाद दिली नाही. त्याचा ध्रुवीय प्रकाश वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये टिपला. तिथली वरची हवा १९८९ पेक्षा शेकडो अंशांनी थंड निघाली. प्रकाश इतका मंद का, ते तेव्हा उमगलं.

‘याचा आपल्याला काय उपयोग?’ हा प्रश्न येणारच. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह वर गेले. सौरवादळाने पृथ्वीची वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं, आणि त्यातले ३८ गमावले. उपग्रहांच्या कामातली मंडळी इथे समोरच बसली आहेत, त्यांना मी काय सांगावं? ते वादळ तसं किरकोळच होतं.