पाण्याची वाट आणि संगणकाची मांडणी

पाटाचें पाणी शेतांत खेळवावयाचें असलें, म्हणजे जाणता शेतकरी प्रथम कुदळ उचलीत नाहीं. तो बांधावर उभा राहून जमिनीचा उतार पाहतो. चर कोठून न्यावयाचा, पाणी कोठें तुंबेल आणि जादा झालेलें पाणी कोणत्या बाजूनें काढून द्यावयाचें, हें मनाशीं ठरल्यावरच पहिला घाव पडतो. स्वतःच्या हातानें संगणक जुळवून त्याला पाण्यानें थंड राखूं पाहणाऱ्या हौशी माणसासही हाच धडा गिरवावा लागतो. फरक इतकाच, कीं पाट फुटला तर एखादा वाफा वाहून जातो. येथें एक सांधा पाझरला तर हजारों रुपयांचें ग्राफिक्स कार्ड क्षणांत निकामी होऊं शकतें.

पाण्याचाच आश्रय कां घ्यावा, असें कोणी विचारील. संगणकाचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन भाग जेवढी वीज घेतात, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतात. कांहीं कार्डें एकटींच ३०० वॅटांहून अधिक वीज घेतात. सारख्या आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊं शकतें. म्हणून तप्त भागावर आंतून बारीक चरे असलेला तांब्याचा ठोकळा बसवितात व त्यांतून पाणी फिरवितात. तापलेलें पाणी रेडिएटरांत जातें, तेथें पंखे त्याची उष्णता हवेंत सोडतात, आणि निवालेलें पाणी पंपाच्या जोरावर पुन्हां फेरीस निघतें. टाकी, पंप, ठोकळे, रेडिएटर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या, एवढाच हा संसार. पण त्याची मांडणी चुकली तर तो सुखाचा होत नाहीं.

मांडणी ही केवळ शोभेची बाब नव्हे, हें मोठ्या यंत्रांच्या इतिहासांतही दिसून येतें. सेमूर क्रे यांचा ‘क्रे-१’ हा महासंगणक १९७६ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत बसविण्यांत आला. वरून पाहिलें असतां त्याचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा दिसे. त्या वळणामुळें आंतील कोणतीही तार चार फुटांहून लांब ठेवावी लागली नाहीं. त्याला थंड ठेवण्यास पाणी नव्हे, तर फ्रेऑन वापरीत. परंतु तारांची लांबी, भागांची जागा आणि शीतकाची वाट यांचा विचार तेथें एकत्रच झाला होता.

नवशिक्याला पहिला घोर पडतो तो क्रमाचा. पाणी आधीं प्रोसेसरला द्यावें कीं ग्राफिक्स कार्डाला? एकाच्या उष्ट्या पाण्यानें दुसरा कसा निवेल? गणित मांडलें असतां हा घोर फिटतो. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअस तापविण्यास सुमारें ४.१८ जूल उष्णता लागते. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल, तर सेकंदाला सुमारें ६७ ग्रॅम पाणी पुढें सरकतें, आणि तेवढें एक अंश तापण्यास सुमारें २८० वॅट लागतात. म्हणजे ३०० वॅटांच्या कार्डांतून बाहेर पडणारें पाणी आंत शिरणाऱ्या पाण्याहून जेमतेम अंशभर ऊन असतें. म्हणून क्रमाची चिंता सोडून नळ्या आखूड आणि कमी वळणांच्या ठेवाव्या, हेंच श्रेयस्कर.

एक क्रम मात्र मोडूं नये: टाकी पंपाच्या आधीं असावी आणि त्याच्याहून उंच असावी. हे पंप हवा ओढून पाणी वर घेत नाहींत. पाणी आपल्या भारानें त्यांच्यापर्यंत आलें पाहिजे. शिवाय त्यांच्या फिरत्या भागाला वंगण असतें तें पाण्याचेंच. कोरडा चाललेला पंप लवकरच निकामी होतो.

रेडिएटरची जागा मापानेंच ठरवावी, अंदाजानें नव्हे. ‘३६०चा रेडिएटर’ म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांची बेरीज. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पेट्या धरल्या तर तो ४०० मिलिमीटरच्या घरांत जातो. त्याची जाडी ३० मिलिमीटर धरली आणि पंख्याची २५ मिळविली, म्हणजे ५५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती न मोजतां छताशीं रेडिएटर बसविणाऱ्याच्या लक्षांत मागाहून येतें, कीं पंखे मेमरीच्या पट्ट्यांवर टेकत आहेत. पंख्यांचे स्क्रूही मापाचेच असावे. लांब स्क्रू रेडिएटरची नळी भोसकतो. तांब्याच्या ठोकळ्यांबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडूं नये. दोन धातूंच्या संगतीनें ॲल्युमिनियम झिजत जातें.

पाणी भरण्याचें तोंड सर्वांत उंच ठिकाणीं असावें, म्हणजे बुडबुडे वर येऊन निघून जातील. सर्वांत खालच्या ठिकाणीं तोटी असावी. मात्र तेलाच्या डब्याला दुसरें भोंक पाडल्यावांचून जशी धार नीट लागत नाहीं, तसें वरून हवा आंत घेतल्याशिवाय हें पाणीही उतरत नाहीं.

सर्व जुळणी झाल्यावर इतर भागांना वीज न देतां फक्त पंप चालवून पाहावा. प्रत्येक सांध्याखालीं कोरडा पांढरा कागद ठेवावा. हौशी मंडळींत ही परीक्षा २४ तास घेण्याची प्रथा आहे. कागदावर डाग उमटला तर हानि कागदाचीच होते.

खरी कसोटी मात्र पुढेंच असते. कधींतरी पाणी बदलावें लागतें, एखादा भाग काढावा लागतो. ज्यानें तोटी हात पोंचेल अशी ठेविली, त्याचें काम घटकाभरांत उरकतें. ज्यानें केवळ देखणेपणासाठीं ती वगळली, त्याला भरलेली नळी मदरबोर्डावरच सोडवावी लागते. म्हणून कागदावर पहिली रेघ ओढतांना यंत्र सुरू होण्याचा दिवस जितका डोळ्यांपुढें असावा, तितकाच तें उघडण्याचाही असावा.