दमा, वनौषधी आणि ‘याप्य’ हा शब्द

(मोर्शी येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कोजागिरी अवघ्या चार दिवसांवर येऊन ठेपली आहे, आणि चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध घेण्याची चाल आपल्या विदर्भात किती दूरवर पसरली आहे, हे ज्यांच्या घरी दमेकरी माणूस आहे त्यांना मी सांगावयास नको. त्या रात्री ठिकठिकाणी माणसे खिरीचा द्रोण हाती घेऊन जागत बसतील आणि यंदा तरी या दुखण्यातून सुटका होईल अशी आशा उराशी धरून उजाडता उजाडता घरी परततील. त्या आशेची थट्टा करावी म्हणून मी येथे उभा राहिलेलो नाही. कारण ती आशा मी माझ्या घरात, अगदी हाताच्या अंतरावरून, पाहिलेली आहे.

माझ्या आजीला दमा होता. पहाटे तीनच्या सुमारास ती बाजेवर उठून बसे, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून पुढे वाके, खांदे कानांपर्यंत चढत, गळ्याखालच्या खळगीतली कातडी प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जाई आणि छातीतून मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येई. “मले दम... पुरत नाही, बापू,” एवढे वाक्यही तिला दोन तुकड्यांत बोलावे लागे. तिला आडवे केले की त्रास वाढे, बसविले की थोडा उतरे. आभाळ भरून आले की ती आधीच भिई, आणि त्या सर्व धडपडीत तिचे मागणे एकच असे, ऊन पाण्याचे. पुढे मी चरकसंहितेचे चिकित्सास्थान वाचावयास घेतले, तेव्हा त्यातील सतराव्या अध्यायात, हिक्का आणि श्वास यांच्या प्रकरणात, मला माझी आजीच बसलेली दिसली. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच श्वास सांगून चरकाने तमकश्वासाचे जे वर्णन केले आहे, त्यात निजल्याने वाढणे, बसल्याने सुख वाटणे, उष्ण पदार्थ आवडणे, मेघ, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी बळावणे, ही सारी लक्षणे जशीच्या तशी आहेत.

त्याच ठिकाणी चरकाने या रोगाविषयी जो निवाडा दिला आहे, तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा होय. तमकश्वास नवा असेल तर साध्य, एरवी तो ‘याप्य’. याप्य म्हणजे असाध्य नव्हे, आणि समूळ बरा होणाराही नव्हे. जो उपचार चालू आहे तोवर आवरलेला राहतो आणि उपचार सोडला की पुन्हा डोके वर काढतो, तो याप्य. सुश्रुताने यासाठी घराचा दृष्टान्त दिला आहे. पडावयास आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा याप्य रोग्याला उपचार सावरून धरतो. मातीच्या भिंतींच्या घरांत वाढलेल्या आपणां वऱ्हाडकरांना टेकू म्हणजे काय हे उलगडून सांगावे लागत नाही. भिंत आता उभी दिसते म्हणून भर पावसाळ्यात टेकू काढून चुलीत घालणारा शहाणा आपल्यात सहसा सापडत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र असे शहाणे घरोघर आहेत.

वनौषधींकडे आपण या दृष्टीने पाहू, आणि आरंभ घरच्याच पिकापासून करू. आपल्या जिल्ह्यात अंजनगाव-सुर्जीकडे आणि पलीकडे अकोल्यातील अकोट भागात बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पानमळ्यांबरोबर जी पानपिंपरी पिढ्यानपिढ्या जोपासली, ती म्हणजेच आयुर्वेदातील पिप्पली. मळ्याच्या दमट सावलीत या वेलीला बोटाच्या पेराएवढी, तुतीच्या फळासारखी खडबडीत, हिरवी कणसे येतात. ती पिकून मऊ होण्यापूर्वी तोडून उन्हात टाकली की काळपट होतात, आणि दाताखाली धरली तर आधी किंचित गोडसर वाटून मग जीभ चुरचुरते. घरोघरच्या सितोपलादि चूर्णात हीच पिंपळी असते. त्या चूर्णाचे प्रमाण एखाद्या जमाखर्चासारखे नेटके आहे : खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक, प्रत्येक पायरीला निम्मे. मधातून चाटविलेले हे चूर्ण खोकल्याची ढास कमी करते, कफ सुटण्यास मदत करते आणि तोंडाला रुची आणते. त्याच्याकडून याहून अधिक मागू नये.

परंतु याच पिंपळीविषयी चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात एक ताकीद देऊन ठेवलेली आहे. पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तू अतिप्रमाणात वापरू नयेत, असे तो स्पष्ट बजावतो. आजच्या रसायनशास्त्राने त्या ताकिदीला एक नवे कलम जोडले आहे. पिंपळीत पायपरिन नावाचे जे द्रव्य असते, त्यामुळे दुसरी कित्येक औषधे रक्तात अधिक प्रमाणात उतरतात. दम्याच्या जुन्या रोग्यांना डॉक्टर ज्या थिओफिलिनच्या गोळ्या देतात, ते थिओफिलिन अशांपैकीच एक आहे. अल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८८८ साली चहाच्या पानांतून वेगळे काढले, म्हणजे मुळात तेही वनस्पतीचेच देणे. पण त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे. एका हाताने ती गोळी आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ पिंपळीचे चूर्ण घेणाऱ्याची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, उलट्या सुरू झाल्या, तर दोष पिंपळीचा नाही आणि गोळीचाही नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून आणि डॉक्टरापासून लपवून ठेवणाऱ्याचा आहे.

अडुळशाचेही असेच आहे. कुंपणाला लावलेला, गुरे तोंड न लावणारा हा कडू अडुळसा कफ पातळ करतो, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते; त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धाग्याने जात रसायनज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे औषध घडविले, त्यातून पुढे अँब्रोक्सॉल आले, आणि ही दोन्ही नावे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर छापलेली दिसतात. मात्र अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकतो, म्हणून गर्भवतीने तो घेऊ नये. धुऱ्यावरची पिवळ्या फळांची काटेरी भुईरिंगणी, चरकाच्या श्वासहर गणातील तुळस आणि वेलदोडा, आले, ज्येष्ठमध, ही सारी सौम्य आणि कायद्याने मोकळी द्रव्ये आहेत. तरी ज्येष्ठमध महिनोन्महिने चघळणाऱ्याचा रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते, आणि एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये, एवढी दोन पथ्ये गाठीला बांधून ठेवावीत.

आता ज्या वनस्पतींना घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे त्यांच्याकडे वळू. धोतऱ्याची वाळलेली पाने चिलमीत घालून ओढण्याचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेतील जेम्स अँडरसन या डॉक्टरामार्फत ब्रिटनला पोचला आणि पुढे तेथे ‘दम्याच्या सिगारेटी’ म्हणून दुकानांतून विकला गेला. त्या धुराने श्वासनलिका सैल होत, हे खरे. त्याच जातीच्या ॲट्रोपीनपासून आजचे इप्राट्रोपियम हे फवाऱ्याचे औषध बनले आहे. पण कोणत्या झाडात, कोणत्या पानात विष किती, याचा हिशेब धोतरा कोणाला देत नाही, आणि पोटात गेला तर तो माणसाला भ्रमिष्ट करून मारतो. म्हणूनच आपल्या औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात त्याची गणना विषारी द्रव्यांत झालेली आहे आणि तो ज्या आयुर्वेदिक औषधात असेल त्यावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे सक्तीचे आहे. सोमकल्पाची म्हणजे एफेड्राची कथाही याच वळणाची. जपानच्या नागाई यांनी १८८५ साली त्यातून इफेड्रीन वेगळे केले, काही दशके ते दम्यावर जगभर वापरले गेले. परंतु हृदयावरील त्याच्या ताणामुळे अमेरिकेने २००४ साली एफेड्रायुक्त पूरक पदार्थांवर बंदी घातली, आणि आपल्याकडेही इफेड्रीन अंमली पदार्थांच्या कायद्यान्वये नियंत्रित आहे. गांजाच्या चिलमीने दम बसतो असे सांगणारेही पारावर भेटतात. त्यांना १९८५ चा तोच कायदा दाखवावा, आणि आजारी फुप्फुसात कोणताही धूर भरणे म्हणजे जळत्या गंजीवर कडबा टाकणे होय, हेही सांगावे.

एखादी वनस्पती खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवावयाचे कसे, याचा एक चांगला धडा अंतमूळ या वेलीने दिला आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. शिवपुरी यांनी १९६० नंतरच्या दशकात तिची पाने रोग्यांना चघळावयास देऊन लाभ होतो असे नोंदविले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, खरे औषध कोणाला आणि खोटे कोणाला हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कळू न देता तपासले असता, तो लाभ आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जो वैद्य किंवा डॉक्टर आपले अपयशही छापतो, त्याच्या यशावर विश्वास ठेवण्यास जागा असते.

आणि ज्याच्यावर विश्वास ठेवू नये त्याची खूण? ती शास्त्रात आहे तशी सरकारच्या दप्तरातही आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांत ‘जे’ नावाचे एक परिशिष्ट आहे. कोणत्या रोगांना बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची ती यादी. आणि श्वासनलिकेचा दमा तीत नाव घेऊन नोंदविलेला आहे. चरकाने ज्याला याप्य म्हटले, त्याला ‘मुळासकट घालवितो’ म्हणून विकावयास नियम मज्जाव करतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने शास्त्रकार आणि सरकार एकाच निवाड्यावर आले, असे आपल्या इतिहासात वारंवार घडत नाही. तेव्हा ‘शंभर टक्के हमी, तीन पुड्यांत दमा साफ’ ही पाटी ज्या ओट्यावर दिसेल, त्या ओट्याची पायरी चढू नये.

माझी आत्या ती पायरी चढली होती. एका जत्रेतून आणलेल्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्यांनी तिचा दमा आठ दिवसांत असा काही ओसरला की घरात पेढे वाटले गेले. सहा महिन्यांत तिचा चेहरा ताटासारखा वाटोळा झाला, कातडीवर निळे डाग उमटू लागले, साखर वाढली. आणि पुड्या बंद करताच दमा दुप्पट जोराने परतला. डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहूनच सांगितले की या ‘जडीबुटी’त स्टिरॉइडची गोळी कुटून मिसळलेली असावी. त्याच जातीचे स्टिरॉइड डॉक्टर फवाऱ्यातून देतात तेव्हा ते अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत उतरते. पुडीतले मात्र साऱ्या शरीरात भिनते, आणि किती भिनते हे पुडीवाल्यालाही ठाऊक नसते. म्हणून आयुर्वेदिक औषध जरूर घ्यावे, पण त्याच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक आणि तारीख आहे की नाही हे चष्मा लावून वाचावे. आपल्यापासून दूर नसलेल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या आश्रमात आयुर्वेद महाविद्यालय आहे, अमरावतीस विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे; शिकलेला, नोंदणी झालेला वैद्य या जिल्ह्यात दुर्मिळ नाही.

औषधाइतकेच निदानालाही महत्त्व आहे, कारण लागलेला प्रत्येक दम म्हणजे दमा नव्हे. हृदय थकले तरी धाप लागते. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो, त्याची थुंकी तपासलीच पाहिजे. आणि जन्मभर पऱ्हाटीच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईची फुप्फुसे विडी न ओढताही विडीकरासारखी होतात. जिनिंगमधील कापसाचा तंतू, गाजरगवताचे पराग आणि या दिवसांत मळणीयंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुसा, ही आपल्या भूमीची खास देणगी आहे. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठराविक दिवशी दम्याचे रोगी एकाएकी इस्पितळांत लोटत. शोध घेता बंदरात उतरविल्या जाणाऱ्या सोयाबीनची धूळ हे कारण निघाले, आणि धान्याच्या कोठाराला गाळण्या बसविताच त्या साथी थांबल्या. तेथे रोग्यांना नवे औषध द्यावे लागले नाही. धूळ अडवावी लागली. मळणीच्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहणे आणि नाकातोंडाला ओला दुपट्टा घट्ट बांधणे, हा आपल्याला आजच करता येण्याजोगा बिनखर्ची उपाय आहे.

श्रोतेहो, वनौषधी हा फवाऱ्याचा पर्याय आहे काय, असे मला विचारले जाते. माझे उत्तर, नाही. ती भिंतीला लावलेल्या टेकूंपैकी एक आहे. दुसरा टेकू डॉक्टराने दिलेले रोजचे औषध, तिसरा धुळीधुरापासूनची सुटका, चौथा पथ्य आणि प्राणायाम. आणि ज्या क्षणी रोग्याला एक वाक्य एका दमात पुरे करता येत नाही, ओठ निळसर दिसू लागतात, त्या क्षणी काढा उकळत बसू नये. फवारा द्यावा आणि गाडी काढावी. माझ्या आजीच्या वेळी मोर्शीत फवारा नव्हता, आज तो प्रत्येक औषधांच्या दुकानात आहे.

चार दिवसांनी कोजागिरी आहे. खीर अवश्य खा, चांदणे अवश्य पाहा, भरवशाच्या वैद्याने दिलेले औषध असेल तर तेही घ्या. पण घरून निघताना फवारा खिशात आहे की नाही एवढे चाचपून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोजचे औषध चुकवू नका.