पायली, टीएमसी आणि गिगाबाइट

(अलोरे येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी ह्यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अलोऱ्यात येऊन मोजमापावर बोलणे म्हणजे थोडे धाडसच आहे. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यामुळे ह्या गावाला साठा आणि प्रवाह ह्यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. शिवसागरात १०५.२५ टीएमसी पाणी मावते, हा साठा. नदीत अमुक इतके क्युसेक पाणी सोडले, हा प्रवाह. एका टीएमसीत शंभर कोटी घनफूट पाणी असते. म्हणून सेकंदाला ११,५७४ घनफूट ह्या वेगाने एक दिवस आणि एक रात्र पाणी वाहिले की एक टीएमसी भरते. टीएमसीच्या जागी क्युसेक लिहिले तर येथला शाळकरी मुलगाही हसेल. संगणकातील माहितीचे मोजमाप करताना मात्र नेमकी हीच गल्लत आपल्या कार्यालयांतून सर्रास होते आणि तिला कोणी हसत नाही.

प्रथम लहानात लहान मापाकडे वळू. ‘होय’ किंवा ‘नाही’, ‘एक’ किंवा ‘शून्य’, एवढेच सांगू शकणारा माहितीचा कण म्हणजे बिट. क्लॉड शॅनन ह्या गणितज्ञाने १९४८ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द वापरला आणि तो सुचविण्याचे श्रेय जॉन टुकी ह्यांना दिले. आठ बिटांचा एक बाइट होतो. येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो किलोबाइटपासून.

मेट्रिक पद्धतीत किलो म्हणजे हजार. परंतु संगणकाच्या स्मृतीची रचना दुपटीदुपटीने वाढत जाते : दोन, चार, आठ, सोळा, ह्याप्रमाणे दहा वेळा दुप्पट केल्यावर १,०२४ हा आकडा येतो. तो हजाराच्या जवळचा, म्हणून जुन्या तंत्रज्ञांनी त्यालाच ‘किलो’ म्हटले. आपल्या आजीला ह्यात काहीच नवल वाटले नसते. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायलीत बत्तीस कोळवी. कोकणातल्या घरी बत्तीस पायल्या भात मोजून घेतले, तर त्यात बरोबर १,०२४ कोळवी भरत. निम्मे करणे आणि दुप्पट करणे हा हाताचा स्वाभाविक हिशेब आहे. दशमान ही नंतर आलेली शिस्त आहे. परंतु त्याच आजीला हेही ठाऊक होते की पायली गावोगाव सारखी नसते. भात घालताना पायली कुठली, हे विचारावे लागते.

गिगाबाइटचेही तसेच आहे. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह बनविणारे हजाराची पायली वापरतात : त्यांचा एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज प्रणालीचा संगणक १,०२४ च्या पायलीने मोजतो : त्याच्या लेखी एक गिगाबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. फरक पायरीगणिक वाढत जातो. किलोबाइटला तो सुमारे अडीच टक्के, मेगाबाइटला पाच, गिगाबाइटला सात आणि टेराबाइटला दहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइट दिसते आणि ६४ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह ५९.६ दिसतो. माल कमी आलेला नसतो. हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली १,०२४ च्या मापांना किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावे दिली. ती बाजारात फारशी रुजली नाहीत, हे दुर्दैव.

खरेदीची तपासणी करणाऱ्यास हा हिशेब ठाऊक नसेल, तर ‘६९ गिगाबाइट कमी’ असा शेरा पडतो आणि एखाद्या प्रामाणिक मुख्याध्यापकास नाहक खुलासे द्यावे लागतात. त्यावर उपाय साधा आहे. मागणीपत्रातच ‘एक टेराबाइट, म्हणजे एक लाख कोटी बाइट’ असे लिहावे. शेरा मारण्यापूर्वी संगणकाने दाखविलेले बाइट मोजावेत. गिगाबाइटवर विसंबू नये.

प्रवाहाची गोष्ट तशीच. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीसाठी १०० एमबीपीएस वेगाचे उद्दिष्ट धरलेले आहे. त्यातले ‘बी’ हे बिटाचे आहे, बाइटचे नव्हे. आठाने भागले की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट एवढाच प्रवाह उरतो, आणि तोही तार पूर्ण वेगाने चालली तर.

आता मराठीविषयी. ‘अलोरे’ हे नाव रोमन लिपीत पाच अक्षरांत लिहिले तर पाच बाइट लागतात. देवनागरीत अ, ल, ओकाराची मात्रा, र आणि एकाराची मात्रा अशी पाचच चिन्हे आहेत. परंतु आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून ‘अलोरे’ पंधरा बाइटांचे होते आणि ‘रत्नागिरी’ सत्तावीस बाइटांची. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे. मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइटांची असते. त्यात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, कारण तेथे अक्षराला सातच बिट लागतात. मराठीची सत्तरच, कारण त्या पद्धतीत आपल्या चिन्हास दोन बाइट लागतात. पालकांना वा ग्रामस्थांना सूचना धाडताना ती एकाच संदेशात का बसत नाही, ह्याचे कारण हे आहे. म्हणून कोणी मराठी सोडू नये; वाक्य आटोपशीर करावे.

हा सारा हिशेब ज्यासाठी मांडला, ते आता सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचेही त्या पुरात मोठे नुकसान झाले. कागदाला पाण्यापासून वाचविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे त्याची प्रतिमा अन्यत्र असणे. ‘एवढ्या नोंदवह्या कशात मावणार?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपण मोजूनच पाहू.

ए-४ आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपके ह्या दराने स्कॅन केले, तर सुमारे ८७ लक्ष ठिपके होतात. नुसते काळे-पांढरे असेल तर ठिपक्याला एक बिट, म्हणजे सुमारे अकरा लक्ष बाइट. रंगीत असेल तर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे २६ मेगाबाइट. प्रतिमा दाबून साठविली की रंगीत पानही साधारण एका मेगाबाइटपर्यंत आणता येते. फिकट शाईच्या जुन्या पानाला मात्र अधिक जागा द्यावी, तेथे काटकसर करू नये. चारशे पानांच्या पन्नास नोंदवह्या धरा. वीस हजार पाने, म्हणजे वीस हजार मेगाबाइट. हजाराच्या पायलीने वीस गिगाबाइट. गावाचे जन्म, मृत्यू, घरपट्टी आणि ठराव बत्तीस गिगाबाइटच्या एका पेन ड्राइव्हवर मावून जागा उरते. हाच मजकूर टंकलिखित असता तर पानास पंधराशे चिन्हे धरून साडेचार किलोबाइट, आणि एकूण अवघे नव्वद मेगाबाइट लागले असते. पण सही, शिक्का आणि खाडाखोड टंकात येत नाही, म्हणून प्रतिमाच हवी.

वीस गिगाबाइट साडेबारा मेगाबाइटच्या वेगाने पाठविण्यास १,६०० सेकंद लागतात. सत्तावीस मिनिटे. वेग दहावा हिस्सा मिळाला तरी साडेचार तास, म्हणजे एका रात्रीचे काम. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, दुसरी तालुक्याला. आणि तालुक्याचे ठिकाण नदीकाठी असेल तर तिसरी घाटावर पाठवा. प्रत पाठविल्यावर दोन्हीकडचे बाइट मोजून आकडे जुळतात का ते पाहावे, आणि दरवर्षी मृगापूर्वी त्यातली पाच-दहा पाने उघडून वाचावीत.