जमिनीवरचं खुराडं आधी खालून बांधायचं

मागच्या भागानंतर दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. गच्चीवर पिंजऱ्यात नको, अंगणात मातीवरच लावे ठेवायचेत, तर खुराडं कसं करू? आज तेवढंच बोलू.

लावा म्हणजे बटेर. आमच्या उस्मानपुऱ्यात, पीर बाजाराच्या बाजूला, बटेर म्हटलेलंच लवकर कळतं. आपण बोलतोय जपानी लाव्याबद्दल. हा 1974 साली कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला आणि तिथून देशभर पसरला. मधली काही वर्षं परवान्याचा घोळ होता, पण 2013 साली केंद्र सरकारने पाळीव जपानी लाव्याला वन्यजीव कायद्याच्या कचाट्यातून मोकळं केलं. रानातल्या लावरीला मात्र ही सूट नाही. जाळ्यात धरलेले पक्षी कुणी विकत असेल तर घेऊ नका, तो गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. कोंबडी संध्याकाळी आपणहून खुराड्यात येते, उंचावर बसते. लावा यातलं काहीच करत नाही. तो जमिनीवरच झोपतो, दांडीवर बसत नाही, आणि एकदा बाहेर सुटला की परत येत नाही. म्हणजे रात्रभर तो बरोबर त्याच पातळीवर असतो जिथून घूस, मुंगूस, मांजर आणि साप फिरतात. म्हणून मी म्हणतो, जमिनीवरचं खुराडं बांधताना भिंतींच्या आधी तळाचा विचार करा.

हे मी शहाणपणाने नाही शिकलो, बरं का. माझं पहिलं खुराडं दिसायला झकास होतं. चारी बाजूंनी कोंबड्यांची षटकोनी जाळी, वर पत्रा, खाली कडेने विटांची रांग. अकरा लावे होते. जुलैतल्या एका सकाळी मुलगी शाळेच्या आधी नेहमीसारखी अंडी गोळा करायला गेली आणि तशीच परत आली, काही बोललीच नाही. मी जाऊन बघितलं तर चार उरले होते. जाळी शाबूत, कडी लावलेली. कोपऱ्यात विटेखाली मुठीएवढं भोक, आणि भोकाचं दुसरं तोंड नालीकडे. घूस होती. मी आठ दिवस जाळीची गाठ नि गाठ तपासत होतो आणि ती माझ्या पायाखालून येत होती!

यावर लोक सांगतात, दोन फूट चर खणा आणि जाळी उभी गाडा. पुस्तकात ठीक आहे. आपल्याकडे बऱ्याच अंगणांत हातभर माती, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. पहार तुटायची वेळ येते. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे जाळी आडवी अंथरा. खुराडं लहान असेल, समजा सहा बाय तीन फूट, तर आधी त्या जागेवरची चार-पाच बोटं माती काढा, संपूर्ण तळाला जाळी टाका, कडा वर वळवून चौकटीला पक्क्या आवळा, आणि मग माती परत भरा. पक्ष्यांच्या पायाला मातीच लागते, घुशीच्या दाताला जाळी. त्याशिवाय बाहेरच्या अंगाने दीड-दोन फूट रुंदीची जाळीची झालर जमिनीवर पसरा, चौकटीला जोडा आणि वर दगड-माती टाका. खणणारं जनावर भिंतीला खेटूनच खणायला सुरुवात करतं. पंजाला जाळी लागली की ते दोन फूट मागे जाऊन खणण्याचं डोकं सहसा चालवत नाही.

जाळी कुठली? षटकोनी जाळी पक्ष्याला आत ठेवायला असते, शत्रूला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती ओढून फाडतं. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची वेल्डमेश मागा, जस्त चढवलेली. एक इंची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, त्यातून उंदीर सहज आत येतो. मातीत पुरलेली जाळी काही वर्षांनी गंजतेच, म्हणून दर पावसाळ्याआधी कोपरे उकरून बघा. आणि खालचा एक फूट जाळीच्या बाहेरून पत्रा किंवा फळी लावा. लावे रात्री कडेला चिकटून झोपतात, मांजर पंजा घालून पाय ओढतं. पक्षी आत, पाय बाहेर... हेही पाहिलंय, जास्त सांगत नाही.

उंचीचं गणित उलटं आहे. लावा दचकला की सरळ वर उसळतो, दगड मारल्यासारखा. छत दोन-तीन फुटांवर असेल तर त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि डोकं फुटतं. म्हणून एक तर छत फूटभर उंचीवर ठेवा, म्हणजे उडीच मारता येत नाही, नाहीतर माणूस उभा राहील इतकं उंच करा आणि आतून मऊ नेट ताणा. मी फूटभराचं केलंय. झाकण तीन तुकड्यांत आहे, एका वेळी एकच उघडतो. सगळं झाकण एकदम उघडलं की अर्धे लावे शेजाऱ्याच्या पेरूवर, आणि पुढचं मी सांगितलंच, ते परत येत नाहीत. कडीला आकडा पुरत नाही, कोयंडा आणि खिट्टी लावा.

छत जाळीचं न ठेवता पत्र्याचं करा, त्याला कारण आहे. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात 800 च्या आसपास कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. कावळ्या-बगळ्यांची विष्ठा वरून खाद्यात पडू नये, एवढी काळजी आपल्या हातात आहे. पण नुसता पत्रा मेमध्ये तवा होतो. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि फूटभर उंचीत ती धग थेट पाठीवर येते. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाड थर द्या, पश्चिमेच्या बाजूला तरट लटकवा आणि दुपारी ओलं करा. नळाला पाणी कधी येतं ते आपल्याला माहीतच आहे, तेव्हा भांडी धुतलेलं पाणी तरटाला चालतं. पिण्याचं मात्र स्वच्छ हवं.

जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच घ्या, नाहीतर जुलैत आत चिखल होतो. बारा पक्ष्यांना सहा बाय तीन पुरतं. दहा माद्या, दोन नर. नर जास्त झाले की एकमेकांची डोकी सोलतात, आणि पहाटे ओरडतात ते वेगळंच. फक्त अंडीच हवी असतील तर नर ठेवूच नका, शेजारी दुवा देतील. एका कोपऱ्यात राख-माती मिसळून उथळ पाटी ठेवा, धूळस्नानाशिवाय त्यांचं चालत नाही. कोंबड्यांबरोबर एकत्र ठेवू नका, कोंबडीला सोसणारे काही आजार लाव्याला मारतात.

शेवटचं काम रोजचं. सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून काढा, कारण घूस आधी दाण्याला येते, पक्ष्याला नंतर. खाद्याचा डबा पत्र्याचा ठेवा. आणि झोपण्याआधी बॅटरी घेऊन खुराड्याभोवती एक चक्कर मारा, पक्ष्यांकडे नाही, जमिनीकडे बघत. ताजी माती उकरलेली दिसली तर भोकात दगड घालून झोपू नका. दुसरं तोंड शोधा, नालीच्या बाजूला असतं.

पुढच्या भागात खाद्याबद्दल बोलू. भेटू.