काळीवरचे घर

वऱ्हाडच्या जुन्या व्यवहारभाषेत गावाच्या वस्तीला 'पांढरी' म्हणत आणि पिकाच्या जमिनीला 'काळी' म्हणत. हे दोन शब्द केवळ मातीच्या रंगावरून पडलेले नाहीत. कोठे राहावे आणि कोठे पेरावे, याविषयीचा कित्येक पिढ्यांचा निर्णय त्यांत साठविलेला आहे. पडक्या भिंतींची माती भिजवून पुन्हा नव्या भिंती रचाव्यात, त्या पडल्या की त्यांच्यावरच पुढच्या पिढीने घर बांधावे, असे करीत करीत गावाचे पांढरे उंचवटे तयार झाले. त्यांच्या भोवती पसरलेल्या काळीवर मात्र शहाणा माणूस राहते घर बांधीत नसे.

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा हे याच प्रदेशातील तालुक्याचे गाव. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णा नदी, आणि मधल्या सपाटीत खोल काळी जमीन. अशा गावांची वस्ती वाढली आणि पांढरी अपुरी पडली. शेतांचे भूखंड झाले आणि काळीवर घरे उभी राहू लागली. आयुष्यभराची पुंजी, प्रसंगी कर्जही, एकत्र करून गृहस्थ सिमेंटच्या छताचे घर बांधतो, वास्तुशांत करतो. आणि एखाद-दोन पावसाळ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर चढू लागते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, तर उन्हाळ्यात फरशी मध्येच खचते. गवंडी भेग बुजवितो, रंगारी तिच्यावर रंग चढवितो आणि पुढल्या वर्षी ती पुन्हा उघडते. अशा वेळी दोष बहुधा गवंड्याच्या नशिबी येतो; खरे कारण मात्र पायाखाली असते.

काळ्या जमिनीतील चिकणमातीचा एक विशिष्ट गुण आहे. तिचे सूक्ष्म थर पाणी शोषून फुगतात आणि पाणी आटले की आक्रसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. पिकाला हा गुण मानवतो. कारण पावसाचे पाणी ही जमीन दीर्घकाळ धरून ठेवते. घराला मात्र तो घातक ठरतो. जमीन वर्षातून एकदा वर उचलली जाते, एकदा खाली बसते, आणि तीही सर्वत्र सारखी नव्हे. ताठ भिंतीला हे हेलकावे सोसत नाहीत.

जुन्या धाब्याच्या घराने हा प्रश्न आपल्या रीतीने सोडविला होता. जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. या थरासाठी खारी माती निवडीत. क्षारयुक्त मातीचे कण पाण्याने विलग होऊन बारीक छिद्रे बुजवितात, आणि त्यामुळे पाणी खाली उतरत नाही. हे रसायन शास्त्राच्या पुस्तकांत येण्यापूर्वी वऱ्हाडी माणसाच्या अनुभवात आले होते. भर दुपारी धाब्याखालची खोली थंड राही. तथापि या घरांचे गोडवे गाताना त्यांची उणीव झाकणे योग्य नव्हे. दरवर्षी डागडुजी हवी. झड लागली की छत ठिबकते. सतत पावसात भिजलेली भिंत रात्री कोसळून माणसे दगावतात. उंदीर आणि साप यांचा उपद्रव निराळाच. शिवाय पूर्वीसारखा साग आता सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही. तेव्हा पक्के घर हवे, ही गृहस्थाची इच्छा सर्वथा न्याय्य आहे. प्रश्न एवढाच, की ते घर कोणत्या भूमीसाठी आणि कोणत्या हवेसाठी बांधावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर स्वतंत्र भारतातील संशोधकांनी दिले. १९४७ साली स्थापन झालेल्या रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी एक विशेष पाया सिद्ध केला. जमिनीत अरुंद गोल छिद्र खोल घ्यावयाचे, त्याच्या तळाशी विशेष अवजाराने माती कोरून कांद्यासारखा फुगवटा करावयाचा आणि त्यात सळ्या व काँक्रीट भरावयाचे. फुगवट्याचा व्यास खांबाच्या सुमारे अडीचपट असतो. काळ्या जमिनीत ओल आणि कोरड यांचे चक्र साधारणतः साडेतीन मीटरच्या वरच चालते. त्याखाली माती पुष्कळशी स्थिर असते. हा कांदा त्या स्थिर थरात रुतून बसतो. वरची जमीन फुगून खांबास उचलू पाहते, पण तो फुगवटा त्यास धरून ठेवतो. खांबांच्या माथ्यावर तुळया टाकून, त्या आणि जमीन यांत थोडी पोकळी सोडली, म्हणजे भिंतीचा जमिनीच्या हालचालीशी संबंधच तुटतो. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरणे, घराभोवती फरसबंदी करणे, नहाणीचे पाणी पायाशी मुरू न देणे, ही पथ्ये साधी आहेत. पण ती न पाळल्यास उत्तम पायाही व्यर्थ होतो.

पूर्णेच्या खोऱ्यात दुसरा शत्रू आहे तो खारपाणाचा. येथील बऱ्याच विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे. त्याच पाण्याने काँक्रीट कालविले तर आतील सळई गंजते, गंजाने फुगते आणि छताचे पापुद्रे पडू लागतात. विटांना लोणा लागतो तो वेगळाच. जे पाणी पिण्यास योग्य, तेच काँक्रीटला योग्य, हा नियम खारपाणपट्ट्यात सोन्याच्या मोलाचा आहे. म्हणून छतावर पडणारे पावसाचे पाणी साठविणारे टाके हे येथील घराचे आवश्यक अंग मानले पाहिजे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांची मर्यादा कित्येकदा ओलांडतो. पाच इंच जाडीचे काँक्रीटचे छत दिवसभर तापते आणि साठविलेली उष्णता रात्री झोपलेल्या माणसांवर ओतीत राहते. मग घरातील म्हातारी माणसे दुपारी जुन्या घरातील धाब्याच्या खोलीकडे वळतात, यात नवल नाही. येथे भारतातील काही कल्पक वास्तुशिल्पकारांचे प्रयोग मार्गदर्शक ठरतात. चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकारंभी अहमदाबादेस एक अरुंद, लांबट घर रचले. त्याच्या उतरत्या छताखाली तापलेली हवा वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाई आणि खालून ताजी हवा आत येई. ते घर पुढे पाडले गेले. त्यातील तत्त्व मात्र कोणत्याही उष्ण गावास उपयोगी आहे.

इंग्लंडात १९१७ साली जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर यांची घरेही अशीच विलक्षण. तिरुअनंतपुरम येथील त्यांचे कॉफी हाऊस म्हणजे वर चढत जाणारा एक सर्पिल मार्गच होय. चालता चालता माणूस टेबलापाशी येतो. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य काटकसर हे आहे. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचून भिंतीत पोकळी सोडली, की सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि ती पोकळी उष्णतेला अडविते. छतात ज्या खालच्या भागात काँक्रीटवर भार येत नाही, तेथे मंगलोरी कौले बसविली, की सिमेंट वाचते. बेकर यांच्या या वृत्तीमागे तरुणपणी मुंबईत झालेली गांधीजींची भेट होती. जवळपास मिळणाऱ्या साहित्यानेच घर बांधावे, हा तो विचार.

तो विचार विदर्भाने फार दूर जाऊन शोधावयास नको. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले. तेथील मातीच्या कुटीवर मीराबेन यांनी रेखाटलेली झाडे आणि मोर आजही दिसतात. पुढे वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने गावच्या कुंभाराच्या चाकावर होणारी शंकूच्या आकाराची कौले एकात एक गुंफून कमानदार छत रचण्याची पद्धत रूढ केली. तिला लाकूड लागत नाही. इजिप्तमध्ये हसन फथी यांनी मातीच्या विटांच्या कमानींना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच जातीचा हा प्रयत्न होय. कौलांतील पोकळी उष्णता अडविते आणि खर्चाचा मोठा वाटा गावातच राहतो.

सारांश, नवे घर म्हणजे केवळ चमत्कारिक आकार नव्हे, आणि परगावच्या इमारतीची नक्कल तर मुळीच नव्हे. ज्या भूमीवर ते उभे राहावयाचे, तिचा स्वभाव ओळखून रचलेले घरच खऱ्या अर्थाने नवे. तेल्हाऱ्याच्या काळीवर घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थापुढे अखेरीस एक साधी निवड असते. हाती असलेला पैसा दर्शनी भागातील नक्षीवर, काचेवर आणि रंगीत फरशीवर वेचावा, की जो कोणास कधीच दिसणार नाही त्या पायावर वेचावा? येणारा पाहुणा नक्षीची वाखाणणी करतो. पायाची वाखाणणी कोणी करीत नाही. पण दहा पावसाळे लोटल्यावरही दार सहज उघडत असेल, भिंत निकोप असेल आणि वैशाखातील रात्री लेकरे त्या छताखाली सुखाने झोपत असतील, तर त्या न दिसणाऱ्या खर्चाचे चीज झाले असेच म्हणावे लागेल. पूर्वजांनी पांढरी निवडली होती ती जमीन ओळखून. आता काळीवर राहावयाचे, तर तिलाही तितक्याच आदराने ओळखले पाहिजे.