विमानतळाची हवा आणि वजनाचा काटा

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विमानतळ हा सुखवस्तूंचा प्रश्न. त्यात कष्टकऱ्यांच्या चळवळीने कशाला लक्ष घालावे, अशी शंका कार्यकर्ते अनेकदा बोलून दाखवतात. शंका प्रामाणिक आहे. या देशात विमानाने प्रवास करणारे थोडे. परंतु विमान जेथून उडते त्या जागेभोवती राहतो कोण आणि विमानाच्या पोटात सामान चढवतो कोण, एवढे विचारले की प्रश्नाचे रूप पालटते. मुंबईच्या विमानतळाची भिंत ओलांडली की जरीमरी, कुर्ला, साकीनाका, कलिना, सांताक्रूझ येथील दाट वस्त्या लागतात. तिकीट एकाच्या खिशात आणि धूर दुसऱ्याच्या छातीत, अशी ही वाटणी आहे.

या धुरात असते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे; कारण 'प्रदूषण' या मोघम शब्दाने आंदोलन पुढे सरकत नाही. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे शुद्ध केलेले रॉकेलच. ते जळताना काजळीचे अत्यंत बारीक कण तयार होतात. उड्डाणाच्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालते तेव्हा काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निघतात. याउलट विमान धावपट्टीकडे रांगत जाते किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे राहते तेव्हा इंजिन मंद चालते, ज्वलन अपुरे होते आणि बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी अर्धवट जळालेली द्रव्ये बाहेर पडतात. आंतरराष्ट्रीय नियमांत विमानाच्या एका फेरीचा हिशेब मांडताना उड्डाणाला ०.७ मिनिट आणि जमिनीवरील मंद चालीला २६ मिनिटे धरलेली आहेत. गर्दीच्या विमानतळावर ही प्रतीक्षा कोणाच्या दाराशी होते, हा म्हणूनच महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

दुसरा घटक गंधकाचा. विमानाच्या इंधनात दर दशलक्ष भागांमागे ३,००० भागांपर्यंत गंधक चालते, अशी जगभरची प्रमाणित मर्यादा आहे. प्रत्यक्षात ते बहुधा काही शे भाग असते, हेही सांगितले पाहिजे. परंतु एप्रिल २०२० पासून भारतातील मोटारींच्या पेट्रोल-डिझेलला ही मर्यादा १० भागांची आहे. रिक्षावाल्याच्या आणि ट्रकवाल्याच्या इंधनाला १० आणि विमानाच्या इंधनाला ३,०००! गंधक काढण्याचे तंत्र शुद्धीकरण कारखान्यांपाशी नाही असे मुळीच नाही. रस्त्यावरच्या इंधनासाठी त्यांनी ते बसवलेच आहे. इंजिनातून बाहेर पडताना या गंधकाचा काही भाग गंधकाम्लाच्या वाफेत बदलतो. धूर थंड होताच त्या वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. उरलेला गंधक-वायू पुढे काही तासांत, वाऱ्याबरोबर जात असताना, हवेतील अमोनियाशी संयोग पावून अमोनियम सल्फेटचे कण बनवतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रेटचे कण तयार होतात. असा कण जेथे श्वासात जातो तेथे विमानतळ दिसतही नाही. जबाबदारी हवेत विरून जाते ती अशी.

तिसरा घटक अलीकडे उजेडात आला. जपानमधील नारिता विमानतळावरील संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की १० ते ३० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा मोठा हिस्सा इंधनाचा नसून इंजिनाच्या वंगण तेलाचा, तोही जवळजवळ न जळलेल्या तेलाचा असतो. जर्मनीत फ्रँकफर्टच्या विमानतळापासून सुमारे ४ किलोमीटरवर गोळा केलेल्या कणांतही हेच तेल सापडले. या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलेले असते आणि त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक म्हणून पूर्वीपासून ज्ञात आहेत.

याखेरीज टायर आहेत. विमान टेकताच स्थिर चाक एकाएकी फिरू लागते. त्या वेळी उठणाऱ्या धुरात रबर, काजळी आणि जस्त असते. ब्रेकची झीज आहे, सामान ओढणाऱ्या डिझेल ट्रॅक्टरांचा आणि इंधनाच्या टँकरांचा धूर आहे, विमान उभे असताना त्याला वीज पुरवणारे शेपटातील छोटे इंजिन आहे, विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी आहेत. लहान पिस्टन-विमानांच्या पेट्रोलमध्ये तर अजून शिसे असते. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे हद्दपार होऊन दशके लोटली, आणि २०२२ साली इंडियन ऑइलने वडोदऱ्याला शिसेयुक्त विमान-पेट्रोलचे देशी उत्पादन सुरू केल्याची बातमी स्वावलंबनाचा विजय म्हणून छापली गेली! कॅलिफोर्नियातील सांता क्लारा कौंटीने मात्र गरीब वस्तीतील मुलांच्या रक्तातील शिशाचा अभ्यास पाहून १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर अशा पेट्रोलची विक्री थांबवली.

आता मुख्य मुद्दा. हे कण मोजायचे कसे? भारताचे २००९ चे हवा-मानक सांगते की २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वजन वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हा आकडा ५ वर आणला, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. शब्द आहे 'वजन'. विमानाच्या धुरातील बहुसंख्य कण २० नॅनोमीटरच्या आसपासचे. अडीच मायक्रॉनच्या एका कणाचे वजन भरायला असे साडेएकोणीस लाख कण लागतात. जागतिक आरोग्य संघटना ज्या पातळीला 'उच्च' म्हणते, म्हणजे तासाच्या सरासरीने दर घन सेंटिमीटरला २०,००० कण, तेवढे २० नॅनोमीटरचे कण हवेत असले तरी त्यांचे वजन घनमीटरला मायक्रोग्रॅमच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकेच भरते. ४० च्या मर्यादेपुढे हे शून्यच. सोनाराच्या दुकानातील केशर लाकडाच्या वखारीतील काट्यावर तोलावे, तसा हा प्रकार आहे. काटा खोटा नाही. त्या मालासाठी तो नाही. आणि हे हलके कण फुप्फुसाच्या खोल भागात रुततात, काही तेथून रक्तातही उतरतात.

म्हणून विमानतळाचे चालक "आमच्या आवारातील हवा मर्यादेत आहे" असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत असतातच असे नाही. मुंबईच्या हवेच्या वजनात रस्त्यावरची धूळ, बांधकामे, वाहने आणि कारखाने यांचा वाटा मोठा आहे. विमानांचा लहान दिसणारच. टर्मिनल दोनपाशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे केंद्र आहे. परंतु तेही कणांचे वजन घेते, संख्या मोजत नाही.

डेन्मार्कमधील कोपनहेगनचा अनुभव या संदर्भात कामगार चळवळीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथील कास्ट्रुप विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने सहकाऱ्यांच्या कर्करोगाचा प्रश्न लावून धरला. शास्त्रज्ञांनी विमाने उभी राहतात त्या फरसबंद पटांगणावर मोजणी केली. कणांचे वजन मर्यादेत निघाले. संख्या मात्र कोपनहेगनच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एकावरील संख्येच्या दोन ते तीन पट भरली. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे दिसले की सामान हाताळणारा कामगार, इमारतीत काम करणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे सातपट कणांना सामोरा जातो. एकच विमानतळ, पण हवा मात्र वर्गवार वाटलेली! तेथील व्यावसायिक इजा मंडळाने विमानतळ-कामगारांच्या कर्करोगाची काही प्रकरणे कामावरील हवेमुळे उद्भवलेली म्हणून मान्य केली. व्यवस्थापन आणि संघटना यांना एकत्र बसावे लागले. विमान उभे राहिल्यावर आणि निघण्यापूर्वी शेपटातील इंजिन किती मिनिटे चालवायचे यावर बंधन आले, एकाच इंजिनावर रांगण्याची पद्धत वाढवण्यात आली, जुनी डिझेल वाहने बदलू लागली आणि कणांची संख्या नियमितपणे मोजली जाऊ लागली. यातील एकाही उपायासाठी नवे विमान शोधून काढावे लागले नाही.

हा धूर कुंपणापाशी थांबत नाही, हे लॉस एंजेलिसने दाखवले. २०१४ सालच्या अभ्यासात विमानतळापासून वाऱ्याच्या दिशेने १० किलोमीटरवरही कणांची संख्या सभोवतालच्या हवेच्या चौपट आढळली. सुमारे ६० चौरस किलोमीटर क्षेत्रात ती किमान दुप्पट होती. तेथील विमाने पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून उडतात आणि समुद्रावरचा वारा धूर पूर्वेकडे, लेनॉक्स-इंगलवूडच्या कामकरी वस्त्यांवर लोटतो. त्याच विमानतळाभोवतीच्या २००८ ते २०१६ या काळातील सुमारे पावणेदोन लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या असता, विमानांच्या कणांची मात्रा अधिक असलेल्या भागांत अकाली प्रसूतीचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. वाढ थोडी आहे आणि अशा अभ्यासाने प्रत्येक रुग्णाचे कारण सिद्ध होत नाही. सभांतून बोलताना याहून अधिक दावा करू नये. पण थोडी वाढ लाखोंच्या वस्तीत थोडी राहत नाही.

मुंबईचा भूगोल याच्याशी किती जुळतो पाहा. येथेही मुख्य धावपट्टीवरून विमाने बहुतेक काळ पश्चिमेकडे उडतात. उड्डाणासाठी ती पूर्वेच्या टोकाला, जरीमरीच्या अंगाला, रांगेत उभी राहतात. समुद्रावरून येणारा वारा धूर पूर्वेला नेतो. लॉस एंजेलिसइतके अंतर धरले तर कुर्ला, घाटकोपर, चेंबूर, विक्रोळी त्यात येतात. हिवाळ्याच्या रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तेव्हा विलेपार्ले आणि अंधेरीची पाळी. दिवसाला नऊशेच्या आसपास विमाने येथे चढतात-उतरतात. येथील कणांची संख्या लॉस एंजेलिसइतकीच आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. ती मोजा, एवढेच म्हणावे. ही मागणी नाकारणे सत्ताधाऱ्यांना फार जड जाईल.

आंतरराष्ट्रीय नियमन या कामी येईल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. १९८० च्या दशकापासून इंजिनांना धुराची मर्यादा आहे, पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या धुराची. २०२३ पासून उत्पादनात असलेल्या मोठ्या इंजिनांना कणांच्या संख्येचीही मर्यादा लागू झाली. हे पाऊल पुढचे खरे. मात्र ती तपासताना धुराचा नमुना ३५० अंशांना तापवून उडून जाणारी द्रव्ये आधी काढून टाकतात. म्हणजे गंधकाम्ल गेले, वंगण तेल गेले. उरलेल्या काजळीची मोजदाद झाली. जरीमरीतील मुलाला हवा अशी भाजून, गाळून मिळत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात विमानतळासारख्या ठिकाणी अतिसूक्ष्म कणांची संख्या मोजण्याची तरतूद केली आहे, परंतु मर्यादा घालण्याचे तेथेही टाळले.

तेव्हा पक्षशाखांनी आणि कामगार संघटनांनी काय करावे? पहिली मागणी, कण मोजणारी यंत्रे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, वस्तीतील महापालिका शाळांच्या गच्चीवर आणि विमाने उभी राहतात त्या पटांगणावर बसवावीत आणि आकडे रोजच्या रोज मराठीत व हिंदीत फलकावर लावावेत. अशी यंत्रे कणावर वाफ साचवून तो मोजण्याइतका मोठा करतात. हे तंत्र जुने आणि रुळलेले आहे. गंधकाची मर्यादा उतरवण्याचा प्रश्न केंद्र सरकारच्या अखत्यारीतला आहे. तो संसदेत नेला पाहिजे.

लोडर कामगारांचा प्रश्न अधिक अवघड आहे. मुंबई विमानतळ २००६ साली खासगी भागीदारीत गेला आणि २०२१ पासून अदानी समूहाच्या ताब्यात आहे. जमिनीवरील कामे निरनिराळ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्या कंत्राटदारांकडे वाटलेली. आजार पंधरा-वीस वर्षांनी प्रकट होतो, आणि तोवर कामगाराने चार कंत्राटदार बदललेले असतात. कोपनहेगनच्या कामगाराला नुकसानभरपाई मिळाली, कारण तो कोठे, किती वर्षे राबला याची नोंद होती. येथे नोंदच नसेल तर दावा कशाच्या आधारावर करणार? म्हणून प्रत्येक लोडरच्या नावे, कंत्राटदार कोणीही असो, सलग सेवानोंद आणि वार्षिक आरोग्यतपासणी विमानतळ-चालकाने ठेवावी, ही मागणी वेतनकराराच्या मसुद्यात गेली पाहिजे.

नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावठाणे हलली. उलव्याचा डोंगर छाटला गेला. जमिनीच्या मोबदल्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी १९८४ साली गोळ्या झेलल्या, दि. बा. पाटलांनी आयुष्य वेचले. त्याच शेतकऱ्यांचे नातू आता त्या पटांगणावर लोडर म्हणून अर्ज करत आहेत. वाहतूक अद्याप पूर्ण क्षमतेला पोहोचलेली नाही. उलवे आणि पनवेल परिसरातील कणांची मोजणी या अवधीतच झाली, तर दहा वर्षांनी तुलनेला आधार राहील. पनवेल व उरण तालुक्यांतील शाखांनी त्यासाठीचे निवेदन चालू महिन्यातच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि सिडकोकडे द्यावे, सोबत गावसभांचे ठराव जोडावेत.