उंबराचे फूल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु धर्मशाळेच्या आवारातील उंबर तोडण्याच्या अर्जावर पहिली सही माझी होती, म्हणून त्या झाडाविषयी वाचणे मला भाग पडले. तक्रार खोटी नव्हती. उंबरे फरशीवर पडतात, पायांखाली चिरडतात, आत किडे दिसतात. हिंसा टळावी म्हणून झाडच काढावे, असे आम्हांस वाटले.

फार दिवसांनी भेटणाऱ्यास आपण 'उंबराचे फूल झालात' म्हणतो. वास्तविक उंबराला फुले येतात, आणि ती असंख्य येतात. पण नक्षी आत राहील अशी कापडाची घडी घालावी, तशी निसर्गाने ती आत घडी करून ठेवली आहेत. आपण ज्यास कोवळे फळ म्हणतो ती एक बंद पिशवी असून तिच्या अस्तरावर नर आणि मादी फुले दाटीने असतात. तिच्या टोकाशी एक सूक्ष्म द्वार असते.

या द्वारातून अवघ्या दोनेक मिलिमीटरची एक मादी माशी आत शिरते. ती गांधीलमाशीच्या कुळातली, पण आपण तिला चिलट समजून सोडून देतो. वाट इतकी अरुंद की तिचे पंख बहुधा तेथेच तुटतात. ज्या उंबरात ती जन्मली तेथील पराग तिने सोबत आणलेले असतात. मादी फुलांवर ती ते पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. परागीकरण झालेल्या फुलांचे बी होते. अंडी पडलेल्या फुलांत तिची पिल्ले वाढतात. पुढे पंखहीन नर आधी बाहेर येतात, माद्यांशी संयोग करतात, भिंत पोखरून वाट पाडतात आणि बहुतेक आतच मरतात. त्याच सुमारास नर फुले पिकतात. नव्या माद्या पराग घेऊन उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात योग्य अवस्थेतील दुसरे उंबर सापडले पाहिजे. फळ गोड होते ते यानंतर.

म्हणजे कीड बाहेरून लागली, हा माझा समज चुकीचा होता. ती माशी नसेल तर उंबरात बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर ती माशी नाही.

आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात मद्य, मांस, मधु यांसह पाच उदुंबरांचा त्याग सांगितला. वड, पिंपळ, पाकर, उंबर, कठूमर अशी नावे आपण बालपणापासून ऐकतो. कठूमर म्हणजे अंजीर की रानउंबर, याविषयी मतभेद आहेत. मात्र कोणताही अर्थ घेतला तरी आधुनिक वनस्पतिशास्त्र ही पाचही झाडे 'फायकस' या एकाच प्रजातीत घालते. बाह्यरूपाने वड आणि उंबर किती भिन्न! तरीही आतले पाहून त्यांना एका पंक्तीत बसविणाऱ्या त्या दृष्टीपुढे मी नतमस्तक आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पुरंदर तालुक्यातील आपले प्रसिद्ध अंजीर परागीकरणाविना धरते. त्यास या माशीची गरज लागत नाही. तुर्कस्तानातील स्मर्ना जातीस मात्र ती लागते. ती जात कॅलिफोर्नियात नेऊन लावली, तेव्हा 1899 साली ही माशी आणून सोडेपर्यंत फळे टिकली नाहीत. यावरून पुरंदरचे अंजीर खावे की नाही, हे मुनिमहाराजांस विचारावे. मी नियम घेतला आहे, तो मोडणार नाही.

प्रश्न उरतो आवारातील झाडाचा. फळ न खाणे हा आपला त्याग झाला. झाड तोडले तर आत वाढणारे जीव आणि दुसऱ्या झाडावरून पराग घेऊन येणाऱ्या माश्या, दोघांचेही आश्रयस्थान जाते. वटवाघळे आणि पक्षी यांचे अन्न जाते ते निराळेच. आम्ही अर्जात 'जीवदयेच्या कारणास्तव' असे लिहिले होते. ते शब्द आता वाचवत नाहीत.

नगरपालिकेतील अर्जावरील माझी सही मी मागे घेतली आहे. उरलेल्या चार सह्या करणारे बंधू सभागृहात आहेत, त्यांनी विचार करावा. बहराच्या दिवसांत झाडाखाली झोळीसारखे बांधण्यास लागेल तेवढे मांजरपाट माझ्या दुकानातून येईल. पडलेली फळे रोज सकाळी हलक्या हाताने कुंपणापलीकडील मातीत नेऊन ठेवण्यासाठी माणसे हवीत. मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडे. उरलेले पाच वार कोण घेणार, ते सभा संपल्यावर कार्यालयातील वहीत लिहावे.

जय जिनेंद्र.